दूध ओतणाऱ्या बाईचा खरा रंग

सतराव्या शतकातल्या डच चित्रकार व्हर्मीरचं 'दूध ओतणारी' हे चित्र वर्गातल्या प्रत्येकाला आपापल्या मोबाइलवर शोधायला सांगावं आणि मग सगळे मोबाइल एका टेबलावर ओळीनं मांडावेत. एकाच बाईचे इतके अवतार निघतात की मुलं हसायला लागतात. कुठे तिचं पोलकं भडक पिवळं, कुठे मळकट. कुठे एप्रनचा निळा डोळ्यांत भरतो, कुठे तो काळ्याकडे झुकलेला. मागची भिंत एका मोबाइलवर पांढरी, तर शेजारच्या मोबाइलवर तिला कावीळ झालेली. काही प्रतींत उजवीकडे खाली जमिनीवर ठेवलेली पाय शेकायची पेटीच कापली गेलेली असते. हसणं ओसरलं की कोणीतरी विचारतंच, "मग यातलं बरोबर कोणतं?"

कलेच्या इतिहासाचा तास सुरू करायला याहून चांगला प्रश्न मला अजून सापडलेला नाही.

हाच प्रश्न आम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमसमोर वेगळ्या रूपात आला होता. या चित्राच्या हजारो प्रती इंटरनेटवर फिरत होत्या आणि त्यातल्या बहुतेक पिवळ्या पडलेल्या होत्या. गंमत अशी की संग्रहालयाच्या दुकानातली पोस्टकार्डं बघून लोक म्हणायला लागले, हे त्या चित्रासारखं दिसत नाही. मूळ चित्र संग्रहालयाच्याच ताब्यात, पण भरवसा बसलेला कुठल्याशा पिवळ्या फाइलवर! २०११ साली युरोपियानाच्या, म्हणजे युरोपातल्या संग्रहांच्या सामाईक डिजिटल भांडाराच्या, एका टिपणात या प्रकाराला 'पिवळ्या दूधवालीची समस्या' असं नावच पडलं. त्यावर संग्रहालयानं काढलेला तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो. वाईट प्रतींच्या मागे धावण्यापेक्षा चांगली प्रत माहितीसकट मोकळी सोडायची. २०१२ मध्ये 'राइक्सस्टुडिओ' हे संग्रहालयाचं ऑनलाइन दालन सुरू झालं आणि कोणालाही उत्तम छायाचित्रं उतरवून घेता येऊ लागली.

आता 'बरोबर कोणतं?' विचारणाऱ्या त्या मुलाला मी संग्रहालयाच्या संकेतस्थळावरची प्रत दाखवून 'हे घे बरोबर' म्हणू शकते. पण प्रश्न तेवढ्यानं मिटत नाही. तीच फाइल माझ्या जुनाट प्रोजेक्टरवर फिकट दिसते. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून ज्याच्या मोबाइलचा पडदा आपोआप पिवळट होतो, त्याच्याकडे ती पुन्हा पिवळी होते. शिवाय छायाचित्रकारानं दिवे कुठे लावले, चित्रावरच्या रोगणाची चमक कशी मारली, रंगांचा ताळा कशाशी जुळवला, हे सगळं त्या 'बरोबर' प्रतीत मुरलेलं असतंच. म्हणून वर्गात मी हल्ली दोन गोष्टी शिकवते: चित्र, आणि चित्राचं छायाचित्र. पहिली गोष्ट अभ्यासक्रमात आहे. दुसरी नाही, पण तिच्यावाचून पहिली शिकवता येते असं मला वाटत नाही.

मी स्वतः स्लाइडच्या, म्हणजे प्रोजेक्टरनं पडद्यावर दाखवायच्या छोट्या पारदर्शक छायाचित्रांच्या, जमान्यात शिकले. लोखंडी कपाटाचे उथळ खण, त्यात शतकांप्रमाणे लावलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटी, प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात अंगठा ठेवायच्या जागी एक ठिपका. ठिपका चुकला की चित्र उलटं पडायचं, कधी खालचं वर, कधी डावं उजवीकडे. खालचं वर झालं तर सगळ्यांना कळायचं. डावं-उजवं झालेलं मात्र अर्धा तास कोणाच्या लक्षात येत नसे. स्विस कला-इतिहासकार हाइनरिख वोल्फलिननं चित्रातल्या डाव्या-उजव्यावर एक स्वतंत्र निबंध लिहिला, तोही अशा उलट्या पडलेल्या स्लाइडांचा अनुभव असलेल्या माणसाचाच. चित्र आरशातल्यासारखं फिरवलं की त्यातला तोल आणि अर्थ दोन्ही बदलतात, हे त्यानं दाखवलं. आज हा प्रयोग दोन सेकंदांत होतो. तो मी जरूर करते, कारण आपली नजर चित्रात कुठून शिरते आणि कुठे जाऊन थांबते हे समजावून सांगायला दुसरा इतका सोपा मार्ग नाही.

या वोल्फलिनचं आमच्या विषयावर आणखी एक ऋण आहे, आणि ते ऋण की ओझं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन प्रोजेक्टर लावून दोन चित्रं शेजारी शेजारी दाखवायची पद्धत त्याच्यामुळे रूढ झाली. डावीकडे रेनेसान्सचं चित्र, उजवीकडे त्यानंतरच्या बरोक काळातलं. एकात रेषा ठळक, दुसऱ्यात कडा विरघळलेल्या. १९१५ च्या त्याच्या प्रसिद्ध ग्रंथातल्या जोड्या वाचताना दोन पडद्यांची खोली डोळ्यांसमोर येते. विषय असा जोडीजोडीनं शिकवला गेला, म्हणून परीक्षेतले प्रश्नही 'तुलना करा' असेच झाले. यंत्रं दोन होती म्हणून आपण दोन-दोनमध्ये विचार केला. तीन प्रोजेक्टर असते तर कलेच्या इतिहासाचं काय झालं असतं, हा माझा आवडता निरुपयोगी प्रश्न.

त्याच सुमारास जर्मन कला-इतिहासकार आबी वारबुर्ग मात्र भलतंच काही करत होता. काळ्या कापडानं मढवलेल्या मोठ्या फळ्यांवर तो पुतळे, चित्रं, नकाशे, टपालाची तिकिटं, वर्तमानपत्रातली कात्रणं टाचायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. १९२९ मध्ये तो गेला तेव्हा हा चित्रांचा 'अॅटलास' अपुराच होता. धावत्या बाईच्या उडणाऱ्या वस्त्राची लाट प्राचीन दगडातून फ्लॉरेन्सच्या भिंतीवर आणि तिथून थेट जाहिरातीत कशी पोचते, हे त्याला बघायचं होतं. डिजिटल संग्रह हाताशी आल्यावर वारबुर्गचा मार्ग पहिल्यांदा खऱ्या अर्थानं वर्गाच्या आवाक्यात आला. तरी आम्ही बहुतेक वेळा पडद्याचे दोन भाग करून पुन्हा दोनच चित्रं लावतो. कोडॅकनं स्लाइड प्रोजेक्टर बनवणं २००४ मध्ये बंद केलं. आमच्या डोक्यातला प्रोजेक्टर अजून चालू आहे.

मुबलकतेबद्दल थोडक्यात सांगते, कारण आकडे सगळीकडे मिळतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियमनं २०१७ मध्ये पावणेचार लाख छायाचित्रं कोणत्याही अटीविना खुली केली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेनं २०२० मध्ये अठ्ठावीस लाख. त्याआधी १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्याच एका न्यायालयानं सांगितलं होतं की कॉपीराइट संपलेल्या सपाट चित्राचं हुबेहूब छायाचित्र काढलं म्हणून त्या छायाचित्रावर नवा कॉपीराइट उभा राहत नाही. अशा निकालांनी आणि संग्रहालयांच्या बदललेल्या वृत्तीनं दारं उघडली, हे चांगलंच झालं. पूर्वी कपाटात ज्याची स्लाइड नाही त्याला इतिहासातही जागा नसे. शिक्षक चित्र पुरवणारा होता. आता पुरवठ्याचं काम संपलं आणि थांबवण्याचं काम आलं. मुलं चित्र बघण्याआधी ते उतरवून ठेवतात. साठा वाढत जातो आणि पाहणं पुढच्या आठवड्यावर जातं.

म्हणून माझा एक हट्ट असतो: पहिली वीस मिनिटं चित्र मोठं करायचं नाही. बोटं टेबलावर. यावर दरवर्षी कुरकुर होते, आणि ती रास्तही आहे, कारण मोठं करून बघण्यात जे सुख आहे ते मलाही सोडवत नाही. यान व्हान आइकचं अर्नोल्फिनी दांपत्य घ्या. अख्खं चित्र उणंपुरं ८२ गुणिले ६० सेंटिमीटरचं. मागच्या भिंतीवर बहिर्गोल आरसा, आरशात दारातून आत येणारी दोन माणसं, आणि आरशाच्या चौकटीत येशूच्या यातनांची दहा इवलीशी दृश्यं. लंडनच्या नॅशनल गॅलरीत दोरीपलीकडे उभं राहून ही दृश्यं ओळखता येणं कठीणच. पडद्यावर ती अशी फुगतात की ब्रशचा एकेक केस मोजावा. आरशाच्या वर नक्षीदार अक्षरांत लिहिलंय की यान व्हान आइक इथे होता, १४३४. मुलांना हे वाक्य फार आवडतं. भिंतीवर नाव कोरणाऱ्यांचा हा पूर्वज, असं कोणीतरी म्हणतंच.

पण वीस मिनिटांचा हट्ट यासाठीच. आधी मोठं केलं की नजर आरशात अडकते आणि मग अख्खं चित्र म्हणजे आरशाभोवतीची जागा उरते. व्हान आइकनं ते तसं रंगवलेलं नाही. दोन माणसांचे जुळलेले हात आधी दिसावेत, आरसा मागाहून सापडावा, हा क्रम चित्राच्या रचनेत आहे. मोठं करायची सोय तो क्रम मोडते.

व्हान आइक बंधूंच्याच बेल्जियममधल्या गेंटच्या वेदीचित्रानं, म्हणजे चर्चच्या वेदीवरच्या चित्रानं, मात्र मला डिजिटल संग्रहाचं भक्त केलं. १४३२ मध्ये पूर्ण झालेल्या या चित्राच्या मधोमध एक कोकरू आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यात कोणीतरी त्याच्यावर नवा रंग चढवला आणि नंतरच्या सगळ्या पिढ्यांनी तेच कोकरू पाहिलं. अलीकडच्या डागडुजीत तो थर काढल्यावर खालून समोर टक लावून बघणारं, जवळजवळ माणसाच्या डोळ्यांचं तोंड बाहेर आलं आणि जगभर त्याची चेष्टा झाली. 'क्लोजर टू व्हान आइक' या संकेतस्थळावर डागडुजीच्या आधीची आणि नंतरची छायाचित्रं शेजारी ठेवून बघता येतात. आमच्या जुन्या पुस्तकांतलं कोकरू आता जगात कुठेच नाही. ते फक्त छायाचित्रांत उरलंय. म्हणजे ज्या प्रती आपण 'जुन्या' म्हणून फेकणार होतो, त्याच आता सोळाव्या शतकातल्या त्या रंगाऱ्याच्या कामाचा पुरावा झाल्या.

पडद्याचा सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे तो सगळ्यांना एकाच मापात बसवतो. पिकासोचं 'गेर्निका' साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद. दालीची वितळणारी घड्याळं २४ गुणिले ३३ सेंटिमीटर, वहीच्या पानाएवढी. फाइलींच्या यादीत दोघांचे चौकोन सारखे. चित्राखाली माप लिहिलेलं असतं, पण मापं वाचून अंगाला कळत नाहीत. म्हणून आम्ही चिकटपट्टी घेऊन भिंतीवर खऱ्या मापाच्या चौकटी आखतो. 'गेर्निका'ला भिंत पुरत नाही, पट्टी कोपऱ्यावरून वळवावी लागते. दालीची चौकट आखली की सगळे एकदम गप्प होतात आणि मग कोणीतरी म्हणतं, "एवढंच?" रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'ची चौकट मी दोनदा आखायला लावते. आधी आजच्या मापाची, मग १७१५ मध्ये चित्र नगरभवनात नेताना जागेत बसेना म्हणून कापून टाकलेल्या पट्ट्या धरून मूळ मापाची. राइक्सम्यूझियमनं २०२२ मध्ये या चित्राचं ७१७ गिगापिक्सेलचं, म्हणजे ७१७ अब्ज ठिपक्यांचं, छायाचित्र प्रसिद्ध केलं. कापलेल्या पट्ट्या अर्थात त्यातही नाहीत. त्या कशा होत्या याचा अंदाज एका जुन्या छोट्या नकलेवरून बांधतात.

सगळ्याच बाबतीत पडदा हरतो असं नाही. चिनी गुंडाळी-चित्रं आम्ही पुस्तकांतून शिकलो ती तुकड्यातुकड्यांत. झांग झेदुआनचं नदीकाठच्या शहराचं चित्र सुमारे २५ सेंटिमीटर उंच आणि पाच मीटरांहून लांब. ते एका वेळी हातभर उलगडत उजवीकडून डावीकडे बघायचं, पाहिलेला भाग गुंडाळत जायचं. भिंतीवर सरळ पसरून लावलं तर ते चुकीचं दिसतं. स्पर्शपडद्यावर बोटानं सरकवत गेलं की पूल येतो, पुलावरची गर्दी येते, खाली डोलकाठी उतरवायची धावपळ चाललेली नाव येते, आणि पुढचं अजून दिसत नसतं. इथे पडदा काचेच्या कपाटापेक्षा मूळ वस्तूच्या जास्त जवळ जातो. आणि होल्बाइनचे 'राजदूत', १५३३. खाली तिरकी ताणलेली कवटी. ती एका बाजूनं, चित्राच्या कडेला डोळा लावूनच नीट दिसते. मुलं मोबाइल तिरपा धरून बघतात आणि वर्गात एक आवाज होतो, तो मला दरवेळी ऐकायचा असतो.

आता शोधाबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे. लाखो चित्रांतून हवं ते सापडतं ते चित्रामुळे नाही, त्याला कोणीतरी लावलेल्या शब्दांमुळे. आणि शब्द लावणाऱ्याची एक जागा असते. पाश्चात्त्य कलेतल्या विषयांची वर्गवारी करण्यासाठी लायडनच्या हेन्री व्हान डी वाल यांनी उभी केलेली 'आयकॉनक्लास' ही पद्धत आजही अनेक संग्रह वापरतात. तिच्यात शून्यापासून नऊपर्यंत दहा मुख्य वर्ग. सातवा अख्खा बायबलला. नववा अख्खा ग्रीक-रोमन पुराणकथांना आणि त्या प्राचीन इतिहासाला. पहिला वर्ग धर्म आणि जादूचा. त्यात ११ म्हणजे ख्रिस्ती धर्म, आणि १२ म्हणजे बाकीचे सगळे. शिव, बुद्ध, विष्णूचे दहाही अवतार, सगळ्यांनी त्या एका बारामध्ये दाटीवाटीनं राहायचं. ही पद्धत वाईट नाही. ज्या चित्रांसाठी ती रचली त्यांच्यासाठी ती कमालीची बारीक आहे. पण त्या कपाटात आपली चित्रं शोधायला गेलं की कपाट कोणासाठी बांधलं होतं ते कळतं.

मी मुलांना संग्रहालयाची नोंद झाकून चित्र देते आणि आधी त्यांचे शब्द लिहायला लावते. फ्रेंच चित्रकार एदुआर माने याच्या 'ऑलिम्पिया'ला, १८६३, जवळजवळ सगळे 'नग्न स्त्री, पलंग, काळी मांजर' असं लिहितात. मग विचारायचं, चित्रात माणसं किती? फुलांचा गुच्छ घेऊन उभी असलेली कृष्णवर्णीय स्त्री कित्येकांच्या यादीत नसते. चित्राच्या नावातही ती नाही. त्या मॉडेलचं नाव लॉर होतं. अभ्यासक आज तिच्याबद्दल लिहितात, पण ज्या नोंदीत तिच्यासाठी शब्दच नाही ती नोंद शोधणाऱ्याला तिच्यापर्यंत नेणार कशी?

प्रत हाही पुरावा असतो, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात दुःखद उदाहरण अजिंठ्याचं आहे. रॉबर्ट गिलनं १८४० च्या दशकापासून वर्षानुवर्षं तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा तेच काम करत राहिला. त्या नकलाही लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या बऱ्याच गेल्या. दरम्यान मूळ चित्रांवर संरक्षणासाठी म्हणून रोगण चढवलं गेलं, ते पुढे पिवळं पडलं. त्यामुळे विसाव्या शतकातली रंगीत छायाचित्रं बघताना आपण रंगांबरोबर ते रोगणही बघत असतो. पद्मपाणीची तीन वेगवेगळ्या काळातली छायाचित्रं मी वर्गात लावते आणि अजिंठ्याबद्दल काहीच सांगत नाही. प्रत्येक छायाचित्र कोणत्या उजेडात काढलं असेल, एवढंच विचारते. चमकत्या दिव्यानं भिंत सपाट होते, मंद उजेडात खांद्याची गोलाई परत येते. भिक्षूंनी ती तेलाच्या दिव्यात पाहिली असणार, आणि ती प्रत कोणत्याच संग्रहात नाही.

या सगळ्यात एक व्यवहारी त्रास आहे. संग्रह कायमचे नसतात. २००४ मध्ये सुरू झालेल्या आर्टस्टोर या कलाचित्रांच्या ऑनलाइन संग्रहावर कितीतरी शिक्षकांनी आपली व्याख्यानं रचून ठेवली होती. २०२४ मध्ये ते स्वतंत्र संकेतस्थळ बंद झालं आणि चित्रं जेस्टोर या ऑनलाइन ग्रंथालयावर गेली. तेव्हापासून मी मुलांना दुवा एकटा कधी लिहू देत नाही. सोबत संग्रहालयाचं नाव आणि वस्तूचा नोंदणी क्रमांक हवा. दुवा मेला तरी क्रमांकावरून वस्तू सापडते.

आणि आता यंत्रानं रचलेली चित्रं त्याच गर्दीत शिरली आहेत. २०२३ मध्ये व्हर्मीरची मोत्याच्या कर्णभूषणातली मुलगी हेगच्या माउरित्सहाउसमधून आम्स्टरडॅमच्या प्रदर्शनाला गेली, तेव्हा तिच्या रिकाम्या जागी लोकांनी केलेल्या तिच्या आवृत्त्या दाखवल्या गेल्या. त्यातली एक एआयनं केलेली निघाली आणि मोठा वाद झाला. मला त्या वादापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की तिथे निदान भिंतीवर नाव होतं. मोबाइलवरच्या यादीत ते नसतं. खोटा व्हर्मीर ओळखायला 'बघा, हात चुकलाय' हा उपाय आणखी किती दिवस चालेल कोण जाणे. फाइल कुठून आली, कोणी काढली, हे विचारणं मात्र चालत राहील.

म्हणून निबंधाबरोबर भरायच्या तक्त्यात मी एक ओळ वाढवली आहे: 'या प्रतीचा छायाचित्रकार आणि छायाचित्राचं वर्ष'. बहुतेक जण तिथे रेघ मारतात. गेल्या सत्रात एका मुलीनं रेघ मारली नाही; तिनं संग्रहालयालाच ईमेल केलं. आठवडाभरानं उत्तर आलं. छायाचित्रकाराचं नाव होतं, वर्ष होतं, आणि खाली एक ओळ होती की त्यानंतर चित्र स्वच्छ केलं आहे, नवं छायाचित्र सोबत जोडत आहोत. तिनं आकाशाच्या उदास तपकिरी रंगावर चार पानं लिहिली होती. नव्या छायाचित्रात आकाश निळं होतं. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, मुदत वाढवून द्या." मी दिली.